मुदतबाह्य सागरी फ्लेअरची विल्हेवाट आणि उत्पादकाची विस्तारित जबाबदारी : महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या संदर्भात

गोषवारा

समुद्रात संकटात सापडलेल्या नौकेला मदत मिळावी म्हणून वापरले जाणारे फ्लेअर, म्हणजेच प्रकाश व धूर यांद्वारे संकेत देणारी रासायनिक साधने, ठरावीक मुदतीनंतर निकामी मानली जातात. मुदत संपली तरी त्यांतील स्फोटक व विषारी द्रव्ये तशीच राहतात. अशा फ्लेअरची सुरक्षित विल्हेवाट कोणी लावायची, याचे स्पष्ट उत्तर भारतीय कायद्यात आढळत नाही. बॅटरी, विद्युत उपकरणे, प्लास्टिक वेष्टने, टायर, वापरलेले तेल यांबाबत भारताने स्वीकारलेले ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ हे तत्त्व या साधनांनाही लागू करता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : सागरी फ्लेअर, घातक कचरा, उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, पर्क्लोरेट, मच्छीमार सहकारी संस्था.

१. प्रस्तावना

एखादी वस्तू बाजारात आणणाऱ्याची जबाबदारी ती विकली गेल्यावर संपते, असा समज औद्योगिक समाजात दीर्घकाळ रूढ होता. वस्तू निरुपयोगी झाल्यावर तिचे काय करायचे, ही बाब ग्राहकाची व त्याच्यामागून नगरपालिकेची मानली जाई. कचरा प्रामुख्याने कुजणारा होता तोवर ही व्यवस्था कशीबशी चालली. कचऱ्यात पारा, शिसे, आम्ले व स्फोटक रसायने येऊ लागली तशी तिची मर्यादा उघड झाली. घंटागाडीवरील कामगाराला डब्यात काय आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. ते उत्पादकाला मात्र नेमके ठाऊक असते. ज्याला धोक्याचे ज्ञान आहे व जो वस्तूची रचना बदलू शकतो, त्याच्यावर जबाबदारी टाकावी, हा विचार या विषमतेतून पुढे आला.

सागरी फ्लेअर हे या प्रश्नाचे लहान परंतु बोलके उदाहरण आहे. सोलापूरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यातील वाचकास हा विषय परका वाटण्याची शक्यता आहे. तथापि २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांदरम्यान प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. जलवाहतुकीतील सुरक्षासाधनांचा प्रश्न किनारपट्टीपुरता मर्यादित नाही, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. अंतर्देशीय जलवाहतुकीसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा अस्तित्वात आला आहे. सुरक्षासाधने सक्तीची करताना ती कालबाह्य झाल्यावर त्यांचे काय होणार, याचाही विचार त्याच वेळी झाला पाहिजे.

२. उद्दिष्टे व पद्धती

सागरी फ्लेअरचे स्वरूप व त्यातील धोके समजून घेणे, भारतीय कायद्यातील तरतुदी व उणिवा तपासणे, परदेशांतील प्रयोगांचा परिचय करून घेणे आणि महाराष्ट्रासाठी व्यवहार्य व्यवस्थेची रूपरेषा मांडणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. लेखासाठी कायदे, नियम, आंतरराष्ट्रीय करार व प्रकाशित माहिती अशा दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. विवेचनाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

३. फ्लेअरचे स्वरूप आणि त्याची मुदत

सागरी फ्लेअरचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात : आकाशात जाऊन हवाई छत्रीने सावकाश खाली येणारा अग्निबाण, हातात धरून पेटवावयाचा फ्लेअर आणि पाण्यावर तरंगत नारिंगी धूर सोडणारा डबा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या जीवरक्षक साधनांविषयीच्या संहितेनुसार अग्निबाणाने किमान ३०० मीटर उंची गाठली पाहिजे, किमान ४० सेकंद जळले पाहिजे आणि त्याची दीप्ती किमान ३०,००० कँडेला असली पाहिजे. हातातील फ्लेअर किमान एक मिनिट १५,००० कँडेला दीप्तीने जळावा लागतो. तो १० सेकंद पाण्याखाली बुडवला तरी विझता कामा नये. धुराच्या डब्याने किमान तीन मिनिटे धूर सोडणे अपेक्षित असते.

या अटी पुन्हा पाहिल्या तर विल्हेवाटीची अडचण कोठून उद्भवते हे ध्यानात येते. वादळात, पावसात, लाटांच्या माऱ्यातही पेटणारी आणि पाण्यातही न विझणारी वस्तू बनवणे हाच येथे उत्पादकाचा हेतू असतो. जीव वाचवणारा हाच गुण वस्तू कचऱ्यात गेल्यावर घातक ठरतो. कचऱ्याच्या गाडीत अथवा डेपोत ती पेटली, तर नेहमीच्या उपायांनी ती विझवणे कठीण जाते.

लाल ज्योतीसाठी स्ट्रॉन्शियमची संयुगे, ज्वलनासाठी मॅग्नेशियमची भुकटी आणि प्राणवायू पुरवण्यासाठी पोटॅशियम पर्क्लोरेट यांसारखी द्रव्ये वापरली जातात. धुराच्या डब्यात रंगद्रव्य, क्लोरेट व साखरेसारखे इंधन यांचे मिश्रण असते. आवरणात ओलावा शिरल्यास मॅग्नेशियमची पाण्याशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू व उष्णता निर्माण होते. म्हणून जुना फ्लेअर केवळ ‘न पेटणारा’ नसतो, तो ‘केव्हा व कसा पेटेल याचा भरवसा नसलेला’ असतो. अमेरिकेत मनोरंजनाच्या नौकांवरील फ्लेअर उत्पादनापासून ४२ महिन्यांपर्यंत ग्राह्य धरले जातात. इतरत्रही ही मुदत साधारणपणे तीन ते चार वर्षांची असते. या काळात नौकेवर एकही संकट आले नाही, तर सर्वच्या सर्व फ्लेअर न वापरता बदलावे लागतात. बहुतेक वस्तू वापरून झाल्यावर कचरा होतात. फ्लेअरचे मात्र तसे नाही. नौकेचा प्रवास सुखरूप झाला, म्हणूनच तो कचरा ठरतो.

४. पर्यावरणीय व आरोग्यविषयक परिणाम

पर्क्लोरेट हा पाण्यात सहज विरघळणारा व भूजलात दूरवर पसरणारा घटक आहे. मानवी शरीरात तो गलग्रंथीला आयोडीन शोषून घेण्यास अडथळा करतो. गर्भवती स्त्रिया व अर्भके यांच्या दृष्टीने ही बाब विशेष चिंतेची मानली जाते, कारण गर्भाच्या व अर्भकाच्या मेंदूची वाढ गलग्रंथीच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००६ मध्ये पिण्याच्या पाण्यातील पर्क्लोरेटची मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आणि कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये ६ मायक्रोग्रॅम निश्चित केली.

या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने समजून घेता येईल. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. लिटरमागे ६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली, तर केवळ एक ग्रॅम पर्क्लोरेट सुमारे १,६६,००० लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. दहा हजार लिटरच्या टँकरने पाणी घेणाऱ्या दुष्काळी गावाच्या भाषेत सांगायचे तर हे साडेसोळा टँकर पाणी झाले. भूजलावर विसंबून असलेल्या प्रदेशात कचरा डेपोत काय टाकले जाते, याबाबत उदासीन राहणे परवडणारे नाही.

दुसरा धोका हाताळणीचा आहे. फटाक्यांतील दारू व फ्लेअरमधील मिश्रण यांचे रसायनशास्त्र एकाच कुळातील आहे. १ जानेवारी २०२३ रोजी बार्शी तालुक्यातील पांगरी परिसरातील फटाका कारखान्यात झालेल्या स्फोटाची आठवण सोलापूर जिल्ह्यात ताजी आहे. परवाना असलेल्या जागीही जी द्रव्ये इतकी दक्षता मागतात, ती भंगाराच्या दुकानात हातोडीखाली येणे किती जोखमीचे ठरेल, हे वेगळे सांगावयास नको. धातूचे वा प्लास्टिकचे नळकांडे मिळवण्यासाठी फ्लेअर फोडणारा भंगारवेचक हा या साखळीतील सर्वांत असुरक्षित घटक आहे.

५. महाराष्ट्राची किनारपट्टी

परंपरेने सुमारे ७२० किलोमीटर सांगितली जाणारी महाराष्ट्राची किनारपट्टी पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांना लाभली आहे. ससून डॉक, हर्णे, मिरकरवाडा यांसारख्या बंदरांतून यांत्रिक नौका खोल समुद्रात जातात. याशिवाय व्यापारी जहाजे, प्रवासी लाँच, तेलक्षेत्रातील नौका व जलक्रीडेच्या बोटी आहेत. समुद्रातील मानवी जीविताच्या सुरक्षेविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मोठ्या जहाजाच्या संचालनकक्षात किमान १२ छत्रीचे अग्निबाण ठेवावे लागतात. जीवरक्षक होड्यांमधील संकेत त्याखेरीज वेगळे. मुंबईतील दारूखाना येथे जुनी जहाजे तोडली जातात. तोडण्यापूर्वी जहाजावरील अशी साधने वेगळी काढणे हेही त्यात आलेच.

मासेमारी नौकांपुरता विचार केला तरी प्रश्नाचा आकार लक्षात येतो. समजा, एखाद्या बंदरात ५०० यांत्रिक नौका आहेत, प्रत्येकीवर सहा फ्लेअर आहेत व मुदत तीन वर्षांची आहे. तर दरवर्षी त्या एका बंदरात १,००० फ्लेअर कालबाह्य होतील. हे उदाहरण केवळ कल्पनेने घेतले आहे. प्रत्यक्ष गणना बंदरनिहाय होणे आवश्यक आहे.

मुदत संपलेल्या फ्लेअरबाबत नौकामालकापुढे मोजकेच मार्ग असतात. तो फ्लेअर ‘असू द्या, कधी उपयोगी पडेल’ म्हणून नौकेवरच ठेवतो, घरी वा जाळ्याच्या खोलीत टाकतो, समुद्रात फेकतो, कचऱ्यात देतो किंवा सणासमारंभात पेटवतो. यांपैकी एकही मार्ग सुरक्षित नाही. जहाजांपासून होणाऱ्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार असा कचरा समुद्रात टाकणे निषिद्ध आहे. विनाकारण पेटवलेला फ्लेअर म्हणजे खोटी संकटसूचना होय. तिच्यामुळे तटरक्षक दलाची शोधनौका भलत्याच दिशेला जाऊ शकते आणि त्याच वेळी खरोखर बुडणाऱ्या नौकेला मदत मिळण्यास विलंब होऊ शकतो.

६. भारतीय कायद्यातील स्थिती

या विषयाशी तीन प्रकारचे कायदे संबंधित आहेत. पहिला प्रकार नौवहनाचा. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा संमत झाला. या शाखेचा रोख नौकेवर साधने असावीत व ती मुदतीतील असावीत याकडे आहे. दुसरा प्रकार स्फोटकांचा. १८८४ चा स्फोटक द्रव्य कायदा व २००८ चे नियम यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना करते. बिघडलेली स्फोटके नष्ट करण्याबाबत या नियमांत तरतुदी आहेत. मात्र त्यांचा मुख्य रोख परवानाधारक उत्पादक व साठवणूकदार यांच्याकडे आहे. चार कालबाह्य फ्लेअर हाती असलेला मच्छीमार त्यांच्या नजरेसमोर नाही.

तिसरा प्रकार घातक कचऱ्याचा. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांत ज्वलनशील, प्रतिक्रियाशील व स्फोटक गुणधर्मांचा उल्लेख आहे. परंतु किनाऱ्याच्या आधाररेषेपासून पाच किलोमीटरपलीकडे जहाजाच्या कामकाजातून निर्माण होणारा कचरा या नियमांच्या कक्षेतून वगळून नौवहन कायद्याकडे सोपवला आहे. तळोजा, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची सामाईक केंद्रे आहेत. तथापि ती प्रामुख्याने कारखान्यांच्या कचऱ्यासाठी उभी राहिली आहेत. स्फोटक गुणधर्माची वस्तू जशीच्या तशी भूभरावात पुरता येत नाही. ती आधी निष्क्रिय करावी लागते. अशा रीतीने फ्लेअर तीन कायद्यांच्या सीमेवर उभा आहे. साधन बाळगण्याची अपेक्षा एक खाते करते, साठवणुकीवर दुसरे खाते निर्बंध घालते आणि कचऱ्याचे खाते त्यास स्वतंत्रपणे ओळखत नाही. मच्छीमाराने तो नेमका कोठे द्यायचा, हे तिघांपैकी कोणीही सांगत नाही.

७. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी : तत्त्व व भारतीय अनुभव

ही संकल्पना स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे अभ्यासक थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडली. जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनांसाठी तत्सम तत्त्व कायद्यात आणले. वस्तूच्या अंतिम विल्हेवाटीचा खर्च उत्पादकाकडे गेला की तो खर्च कमी करण्यासाठी उत्पादक वस्तूची रचनाच बदलेल, हा त्यामागील मुख्य युक्तिवाद आहे. केवळ कचरा गोळा करणे एवढाच याचा हेतू नाही.

भारतात या विचाराला न्यायालयीन अधिष्ठानही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बिछडी व वेल्लोर या प्रकरणांत ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व मान्य केले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातही ते समाविष्ट आहे. २००१ च्या बॅटरी नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादक व विक्रेत्यांवर टाकली. जुनी बॅटरी देऊन नवीवर सवलत घेण्याची पद्धत आज कोणत्याही शहरातील इन्व्हर्टरच्या दुकानात दिसते. त्यानंतर २०११ चे ई-कचरा नियम, २०१६ चे प्लास्टिक कचरा नियम, २०२२ चे बॅटरी कचरा नियम, त्याच वर्षी टायरविषयीची व २०२३ मध्ये वापरलेल्या तेलाविषयीची तरतूद आणि २०२५ चे आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे नियम, असा या तत्त्वाचा विस्तार होत गेला. या यादीत सागरी फ्लेअर नाहीत.

या अनुभवातून दोन धडे मिळतात. बॅटरीतील शिशाला बाजारभाव आहे, म्हणून ती आपोआप परत येते. फ्लेअरला भंगारात मोल नाही, म्हणून तो परत यावा यासाठी वेगळे प्रलोभन द्यावे लागेल. दुसरे असे की केवळ प्रमाणपत्रांवर विसंबलेली व्यवस्था फसवी ठरू शकते. प्लास्टिक कचऱ्याबाबत लाखोंच्या संख्येने बनावट प्रमाणपत्रे निघाल्याचे २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत आढळले. फ्लेअरच्या बाबतीत मात्र प्रत्येक नगावर उत्पादन क्रमांक व मुदतीची तारीख असते. त्यामुळे नगनिहाय हिशेब ठेवणे तुलनेने सोपे आहे.

८. परदेशांतील प्रयोग

या क्षेत्रात फ्रान्सचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. तेथे उत्पादक व आयातदार यांनी मिळून स्थापन केलेली ‘आपेर पिरो’ ही संस्था २०१५-१६ च्या सुमारापासून खासगी नौकाविहारींचे कालबाह्य फ्लेअर परत घेण्याची व्यवस्था पाहते. नवा फ्लेअर घेताना जुना त्याच दुकानात द्यावयाचा, अशी ‘एकास एक’ पद्धत तेथे आहे. तिचा खर्च नव्या फ्लेअरच्या किमतीतील अंशदानातून भागवला जातो. कॅनडात नौकाविहारींच्या स्वयंसेवी संघटनेने उत्पादकाच्या सहकार्याने जुने फ्लेअर जमा करण्याचे ठरावीक दिवस आयोजित केले. कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळात २०२४ व २०२५ मध्ये फ्लेअरच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी विधेयके मांडली गेली. स्थानिक संस्थांच्या घरगुती घातक कचरा केंद्रांना स्फोटक वस्तू स्वीकारणे परवडत नाही, हा त्यामागील अनुभव होता.

या प्रयोगांचे अंधानुकरण आपल्याकडे उपयोगी पडणार नाही. फ्रान्समधील ग्राहक मुख्यतः हौशी नौकाविहारी आहे. आपल्याकडील मुख्य ग्राहक नौकेवर पोट असलेला मच्छीमार आहे. त्याच्या दृष्टीने फ्लेअरची किंमत थोडी वाढली, तरी ‘न घेणे’ हाच पर्याय सोयीचा ठरू शकतो.

९. संभाव्य आक्षेप

यातूनच सर्वांत गंभीर आक्षेप पुढे येतो. विल्हेवाटीचा खर्च किमतीत मिळवल्यास सुरक्षासाधन महाग होईल, त्याची खरेदी घटेल व पर्यावरण राखताना माणसाचा जीव धोक्यात येईल, असे म्हटले जाईल. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यावर उपाय असा की वाढीव रक्कम परत मिळणाऱ्या ठेवीच्या स्वरूपात असावी आणि लहान नौकांच्या बाबतीत पहिल्या ठेवीचा भार शासनाने उचलावा. जुना फ्लेअर दिल्यावर नव्याची किंमत कमी होत असेल, तर मुदतीतील फ्लेअर घेण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढण्याची शक्यता आहे.

दुसरा आक्षेप असा की इलेक्ट्रॉनिक साधने आल्यावर फ्लेअर आपोआप हद्दपार होतील. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठीच्या संदेशवहन योजनेचा प्रारंभ झाला. तीत एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याचे उद्दिष्ट आहे. अमेरिकेत रात्रीच्या संकेतासाठी विजेवर चालणारा दिवाही मान्य आहे. तथापि उपग्रहाद्वारे संकटाची वार्ता किनाऱ्यावर पोहोचली, तरी जवळून जाणाऱ्या नौकेला नेमकी जागा डोळ्यांनी दिसण्यासाठी दृश्य संकेताची गरज उरतेच. शिवाय मोठ्या जहाजांवर फ्लेअर आजही अनिवार्य आहेत. फ्लेअर कमी होतील हे खरे. पण आधीच साठलेल्यांचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

१०. शिफारशी

१) फ्लेअरचा समावेश उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीच्या वस्तूंत स्वतंत्र प्रवर्ग म्हणून करावा. ‘उत्पादक’ या संज्ञेत आयातदाराचाही अंतर्भाव असावा.

२) नौवहन, स्फोटक व पर्यावरण या तिन्ही खात्यांनी एकत्रित कार्यपद्धती जाहीर करावी व तीत संकलनापुरती मर्यादित परवाना-सवलत द्यावी.

३) महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात त्याच सुमारास, पावसाचा जोर वाढण्यापूर्वी, प्रत्येक बंदरात संकलनाचा दिवस ठेवावा. नारळी पौर्णिमेपूर्वी नव्या हंगामासाठी मुदतीतील फ्लेअर पुरवावेत.

४) नोंदणी व जनजागृती हे काम मच्छीमार सहकारी संस्थांकडे द्यावे, साठवण मात्र देऊ नये. या संस्था सभासदांना डिझेल पुरवतात. डिझेलच्या शेजारी फ्लेअर ठेवणे म्हणजे नवे संकट ओढवून घेणे होय. जमा झालेला माल उत्पादकाच्या परवानाधारक वाहनानेच हलवावा.

५) प्रत्येक फ्लेअरवर मराठीसह स्थानिक भाषांत विल्हेवाटीची सूचना व परतीचे ठिकाण छापावे.

६) दीर्घ मुदतीची व पर्क्लोरेटविरहित साधने बनवणाऱ्या उत्पादकास अंशदानात सवलत द्यावी.

११. निष्कर्ष

मुदतबाह्य फ्लेअरचे एकूण वजन शहरी कचऱ्याच्या तुलनेत नगण्य आहे. परंतु घातक कचऱ्याची तीव्रता वजनावर ठरत नाही. उत्पादकांची संख्या मर्यादित, वस्तू नगनिहाय ओळखता येण्याजोगी आणि ग्राहक बंदरांशी बांधलेला, या तीन कारणांमुळे विस्तारित जबाबदारीचे तत्त्व येथे इतर अनेक वस्तूंपेक्षा अधिक सुलभपणे राबवता येईल. जीवरक्षक साधन बाळगण्याची अपेक्षा मच्छीमाराकडून करणाऱ्या व्यवस्थेने ते साधन घातक कचरा झाल्यावर त्याला एकटे सोडणे न्याय्य नाही. ज्याने फ्लेअर बनवला, ज्याला त्यातील द्रव्ये ठाऊक आहेत आणि ज्याने त्यावर नफा मिळवला, त्याने तो परत घेऊन सुरक्षितपणे नष्ट करावा, ही अपेक्षा कायद्यात उतरणे आवश्यक आहे. रसायनशास्त्र, विधी, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या शाखांच्या प्राध्यापकांनी आपापल्या भागातील अशा दुर्लक्षित घातक वस्तूंची गणना विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हाती घेतल्यास धोरणकर्त्यांना आवश्यक असलेली प्राथमिक माहिती उपलब्ध होऊ शकेल.